घरातली हवा, घरातले निर्णय



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडून मी एक सवय उचलली. दम लागतो म्हणून आलेल्या बाईचा केसपेपर भरताना 'विडी-सिगारेट : नाही' एवढे लिहून त्या थांबत नसत. त्याखाली स्वतःच्या हाताने पुढचे प्रश्न लिहीत. घरी चूल आहे का? किती वर्षे? सरपण कसले? स्वयंपाकघराला खिडकी आहे का? छापील केसपेपरवर या प्रश्नांना जागा नव्हती. श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, म्हणजे आज आपण ज्याला सीओपीडी म्हणतो तो, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा, अशीच तेव्हा समजूत होती. समोरच्या बाकावर बसलेल्या बायका मात्र विडीला कधी शिवलेल्याही नसत, आणि तरी दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना त्यांना मध्येच थांबावे लागे.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारे लोक हवा शुद्ध करण्याच्या यंत्रांविषयी विचारतात, कुंडीत कोणते झाड लावू म्हणून विचारतात. त्यांची उत्तरे मी आज देणारच आहे. पण माझे मुख्य म्हणणे आधी सांगतो. घरातली हवा निर्णयांनी बिघडते आणि यंत्रापेक्षा निर्णयांनीच सुधारते. स्वयंपाकघराला घरातली कोणती जागा द्यायची, खिडकी कुठे उघडायची, गॅसची टाकी कधी आणायची, बंद खोलीत काय जाळायचे, हे सगळे निर्णय आहेत. ते घेणारा एक आणि त्या हवेत सर्वांत जास्त वेळ श्वास घेणारी दुसरी, अशी परिस्थिती असते तिथे हवा वर्षानुवर्षे तशीच राहते.

चुलीचा धूर फुफ्फुसे बिघडवतो, हे वैद्यकाला कळायलाही वेळ लागला. डॉ. एस. पद्मावती या आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १९५९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसांच्या जुनाट आजारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होत गेलेले हे रुग्ण होते. त्यांत धूम्रपान न करणाऱ्या बायका होत्या, आणि संशयाचे बोट गोवऱ्यांच्या धुराकडे जात होते. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने सहकाऱ्यांसह गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवेचे मापक बांधून मोजमाप केले. प्रदूषण मोजायचे ते जिथे माणूस श्वास घेतो तिथे, हा आग्रह त्यांनी २०२० साली मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. आपल्या शहरांत मापक यंत्र चौकात असते. चुलीजवळ ते कोणी ठेवत नाही. २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडले की, सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. डॉक्टरबाईंनी केसपेपरवर हाताने लिहिलेले प्रश्न पाठ्यपुस्तकात यायला इतकी वर्षे लागली.

आता चूल नीट पाहू. वऱ्हाडात पहाटे कपाशीची पऱ्हाटी किंवा तुरीची तुराटी पेटवायची असते. पावसाळ्याच्या शेवटी ती पुरती कोरडी नसते. ज्वाळा धरलेल्या चुलीपेक्षा धुमसणारी चूल कितीतरी जास्त धूर सोडते, म्हणजे सगळ्यात घाण हवा पेटवताना आणि विझवताना तयार होते. नेमक्या त्याच वेळी बाई वाकून फुंकणी धरते. फुंकणीत जोराने हवा सोडली की पुढचा श्वास आपोआप खोल घेतला जातो, आणि तो चुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावर घेतला जातो. तान्हे मूल कडेवर किंवा शेजारच्या गोधडीवर असते. भाकरी होईपर्यंत ती तिथून हलू शकत नाही, कारण भाकरी उलटायला आणि आरावर शेकायला समोरच बसावे लागते.

त्या धुरात काय असते? अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण असतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना येईल. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट पडदा मोठी धूळ अडवतात. हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथे दाह निर्माण करतात, आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म कण रक्तात उतरतात. म्हणून धुराचा आजार फक्त खोकल्यापुरता राहत नाही. हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू, लहान मुलांचा न्यूमोनिया, कमी वजनाची बाळे, या सगळ्यांशी त्याचा संबंध दिसून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी. आपल्या देशाचे बाहेरच्या हवेचे मानक ४० आहे. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हा आकडा शेकड्यांत जातो, कधी हजारांतही. २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. १९८०च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२मध्ये तो बंद झाला. अनेक ठिकाणी धुराडी काजळीने तुंबली आणि चूल पुन्हा घरातच धुमसू लागली. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅसची जोडणी पोहोचली. हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. तरीही २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे देशात ५८.६ टक्के होती. ग्रामीण भागात फक्त ४३.२ टक्के. जोडणी घरात आली म्हणजे चूल गेली, असे झाले नाही. पाहुण्यांचा चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि आंघोळीचे पाणी परसातल्या किंवा न्हाणीतल्या चुलीवर, अशी वाटणी घराघरांत दिसते.

यावर नेहमीचे उत्तर मिळते की, बायकांनाच चुलीवरच्या भाकरीची चव आवडते. मला हे उत्तर मान्य नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गर्भवती स्त्रियांच्या घरी एक मोठी चाचणी झाली आणि २०२२पासून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. निम्म्या घरांना शेगडी आणि गॅस मोफत, नियमित, दारात पोहोचवला गेला. त्या घरांतली चूल जवळजवळ थांबली. स्त्रियांच्या श्वासात येणाऱ्या कणांचे प्रमाण चूल चालू असलेल्या घरांत घनमीटरला ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, ते या घरांत २४ भरले. म्हणजे प्रश्न चवीचा नव्हता, टाकीच्या पैशांचा होता. सरपण गोळा करायला बाईचा वेळ जातो आणि त्या वेळेला घरात किंमत धरली जात नाही. टाकीला रोख पैसे लागतात आणि ते कोणाच्या तरी खिशातून निघावे लागतात. त्याच चाचणीत बाळांच्या जन्मवजनात मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही, हेही मी सांगितले पाहिजे. यातून कोणी गॅस निरुपयोगी ठरवू नये. गर्भारपणाच्या काही महिन्यांत आयुष्यभराचा धूर पुसला जात नाही, आणि घराबाहेरची हवाही आत येतच असते. धडा हा आहे की, अर्धवट आणि उशिरा केलेला उपाय पुरेसा पडत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून धूर नसलेले स्वयंपाकघर मिळाले पाहिजे.

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल की आपण यातून सुटलो. तसे नाही. शहराची गोष्ट घरबांधणीपासून सुरू होते. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या साथीने चाळींमधल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्या सरकारच्या नजरेस आणल्या आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. गाठीचा प्लेग पिसवांमुळे पसरतो, हवेमुळे नव्हे, हे पुढे सिद्ध झाले. पण उजेड-वाऱ्याचा प्रश्न खराच होता, कारण कोंदट खोलीत क्षयरोग पसरतो. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांचा उजेड आणि हवा या विषयाची मांडणी केली. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. साध्या भाषेत सांगायचे तर, समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी हवी.

आता शंभर वर्षे पुढे या. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी अभ्यास केला. पहिल्या दोन वसाहतींत बहुमजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. तिथे क्षयाचे प्रमाण जास्त आढळले. मोकळी जागा असलेल्या तिसऱ्या वसाहतीत ते कमी होते. ट्रस्टच्या त्या नियमाने तीन मीटरच्या फटीसमोर दोनच मजले उभे राहिले असते. तळमजल्यावरची बाई दुपारी बाराला दिवा लावून स्वयंपाक करते, कारण नकाशा काढताना तिला कोणी विचारलेले नसते. तिला मी 'खिडक्या उघड्या ठेवा' एवढाच सल्ला देऊ शकत नाही. तिची खिडकी दुसऱ्याच्या भिंतीवर उघडते.

मध्यमवर्गीय सदनिकांतही हेच थोड्या वेगळ्या रूपात होते. पुण्यात स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते. कालांतराने तिला सरकत्या काचा बसतात, तिथे धुण्याचे यंत्र आणि अडगळ येते, आणि स्वयंपाकघराची एकमेव खिडकी त्या बंद खोक्यात उघडू लागते. ओट्यावर चिमणी असते, पण तिचा पाइप बाहेर काढलेला नसतो. ती तेलाचा अंश गाळते आणि उरलेली हवा पुन्हा त्याच खोलीत सोडते. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, फोडणीतून आणि तळणीतून बारीक कण निघतात. म्हणून गॅसवर स्वयंपाक करतानाही धूर थेट घराबाहेर टाकणारा पंखा किंवा चिमणी हवी. कढई तापायच्या आधी ती सुरू करावी आणि स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी.

इंधनाखेरीज आपण घरात स्वेच्छेने बरेच काही जाळतो. डासांच्या कॉइलवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात. ती कॉइल आपण मुलांच्या उशाशी, दारे-खिडक्या लावून, रात्रभर ठेवतो. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी हा त्यावरचा चांगला उपाय आहे. देवापुढे उदबत्ती लावू नका, असे मी म्हणणार नाही. खिडकी उघडी ठेवून एक लावावी, आणि दमेकऱ्याच्या घरात निरांजनावर भागवावे.

बाळंतिणीच्या खोलीविषयी मात्र मी ठामपणे बोलणार आहे. खिडक्या-दारांना पडदे, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि न्हाऊ घातलेल्या बाळाला ओवा, बाळंतशोपा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून दिलेली धुरी. यामागची माया मला पूर्ण मान्य आहे. आजीला बाळाला ऊब द्यायची असते. पण काही दिवसांच्या बाळाची फुफ्फुसे अजून वाढत असतात, त्याचा श्वास मोठ्या माणसाच्या दुपटीहून जलद चालतो, आणि धूर अंगाखालून येत असतो. ऊब हवी तर बाळ कोरडे करून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरा, टोपडे घाला, दुपट्यात गुंडाळा. ओवा-शोपा आईच्या सुपारीत राहू द्या. आजींना हे प्रेमाने, कारण सांगून समजावले तर त्या ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

त्याच शेगडीत दुसरा धोका आहे. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत शेगडी घेऊन झोपलेली कुटुंबे आणि बंद न्हाणीघरात गॅस गिझरखाली बेशुद्ध पडलेली तरुण मुले, या बातम्या दर वर्षी येतात. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. हा सल्ला आजच्या आज अमलात आणण्यासारखा आहे.

काही त्रास न जाळताही होतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटामागे काळी बुरशी धरते. तिच्यावर रंगाचा हात फिरवून उपयोग होत नाही; गळती काढावी लागते, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे लागते, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालणे थांबवावे लागते. विदर्भातला प्रश्न कूलरचा आहे. २०१७ साली आपल्या देशातल्या १९ शहरांमधल्या १,०८४ रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध झाली. फुफ्फुसांच्या पेशीजालाचे आजार झालेल्या या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना अतिसंवेदनशीलतेमुळे होणारा न्यूमोनायटिस होता, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आलेला होता. ओल्या ताटीवर बुरशी वाढते आणि पंखा ती थेट तोंडावर फेकतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा, असे सांगणे क्रूरपणाचे होईल. दर हंगामाला ताटी बदला, टाकीतले पाणी वरचेवर काढून टाकी घासून उन्हात वाळवा, हे मात्र सांगितलेच पाहिजे. कबुतरांची विष्ठा आणि पिसेही असाच आजार देतात. गॅलरीत दाणे टाकणाऱ्या घरातल्या माणसाला न संपणारा कोरडा खोकला असेल, तर डॉक्टरांना कबुतरांविषयी आवर्जून सांगावे.

आता सुरुवातीला कबूल केलेली दोन उत्तरे देतो. कुंडीतल्या झाडांनी घरातली हवा शुद्ध होते, या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९च्या अभ्यासात आहे. तो छोट्या बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली अशा अभ्यासांचे पुन्हा गणित मांडले गेले तेव्हा दिसले की, खिडकीतून सहज होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. झाडे आनंदासाठी लावा. हवेसाठी खिडकी उघडा. यंत्राविषयी असे सांगेन की, 'हेपा' गाळणी असलेले, खोलीच्या आकाराला पुरेसे यंत्र बारीक कण खरोखर कमी करते. बाहेर धूर-धुके असताना, घरात दमेकरी असताना त्याचा उपयोग आहे. पण ते कार्बन मोनॉक्साइड काढत नाही, ओल काढत नाही, आणि गाळणी वेळेवर बदलली नाही तर त्याचा उपयोग घटत जातो. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊच नका. ओझोन फुफ्फुसांना स्वतःच अपाय करतो. क्रम लक्षात ठेवा. आधी धुराचा उगम थांबवा, मग हवेला वाट द्या, गाळणी सर्वांत शेवटी.

उगम थांबवायला आणि वाट द्यायला घरात आणि गावात निर्णय घ्यावे लागतात. ग्रामीण घरकुल योजनेच्या नियमात २५ चौरस मीटरच्या घरात आरोग्यदायी स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागा धरलेली आहे. ग्रामसभेत उभे राहून विचारा की आपल्या गावातल्या घरकुलांत ती जागा प्रत्यक्ष आहे का, तिला खिडकी आहे का. बचत गटाच्या बायकांनी टाकीसाठी दरमहा वेगळी रक्कम काढावी, आणि घरातल्या पुरुषाने ती खर्चाच्या यादीत किराण्याबरोबर धरावी. आंघोळीच्या पाण्याची चूल घराच्या भिंतीपासून दूर हलवावी, शक्य असेल तिथे सौर बंब बसवावा. शहरात सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक होते तेव्हा चर्चा वाढीव चौरस फुटांची आणि पार्किंगची होते. त्या बैठकीत नकाशा टेबलावर असताना, घरात रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती हजर असावी आणि तिने विचारावे की ओट्यासमोरची खिडकी कुठे उघडते आणि समोरची इमारत किती अंतरावर आहे. इमारत उभी राहिल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. तरुण डॉक्टरांना माझे सांगणे आहे की, आपल्या केसपेपरवर चुलीचा आणि खिडकीचा रकाना छापून घ्या. विचारले गेले नाही ते नोंदले जात नाही, आणि नोंदले गेले नाही त्यासाठी सरकार पैसा काढत नाही.

निरोगी माणूस दिवसाला सुमारे वीस हजार श्वास घेतो. त्यांतले बहुतेक श्वास चार भिंतींच्या आत घेतले जातात, आणि बाया, म्हातारी माणसे व तान्ही मुले यांचे तर जवळजवळ सगळेच. बाहेरच्या हवेसाठी आपण सरकारशी भांडतो, भांडलेच पाहिजे. घरातल्या हवेसाठी आपल्याला आपल्याच माणसांशी बोलावे लागेल. ते बोलणे प्रत्येक घरात सुरू व्हावे, एवढी विनंती करून मी थांबतो.